यंदा धुंधुरमास

घड्याळं एक तास मागे घेतली त्या रविवारी
फ्रिजवरचा जुना कागद काढला.
गेल्या डिसेंबरचा. कोपऱ्यावर तुपाचा डाग,
त्यातून अजून वाचता येतं :
वैजूकडचे पाच जण, दोन गाद्या कमी,
मॉरीनबाईंना बिनअंड्याचा केक,
आणि तळाशी, तिरक्या घाईत, ‘श्वास’.
असं का लिहिलं होतं?
बहुधा श्वासाचा पंप. निहारचा.
शब्द पुरा करायलाही सवड नव्हती.

तेवीस तारखेला ॲस्डाच्या पार्किंगमध्ये
गाडी बंद करून बसले होते मी,
मांडीवर सेलोटेपची रिळं
आणि मिन्स पायचा डबा, सहातले चार संपलेले.
काचांवर वाफ धरली.
बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं,
आत काहीतरी शिजतंय.
शिजतच होतं.
घरी श्रीरंगने विचारलं, “एवढा वेळ?”
त्यावर मी जे बोलले
ते मुलांना अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

तहान लागल्यावर विहीर खणणारं आमचं घराणं.
माहेरचा आकाशकंदील
पाडव्याच्या संध्याकाळीही ओलाच असायचा, खळीने.
म्हणून यंदा ऑक्टोबरातच,
जेवणं झाल्यावर, ताटं तशीच ठेवून विचारलं :
सुट्टीत प्रत्येकाला एकच गोष्ट मिळणार. बोला.

श्रीरंग म्हणाला, झोप.
निहार : दिवसभर पायजमा, आणि फोटो नाहीत.
शर्वरी ताटातल्या मिठात रेघा ओढत म्हणाली,
तू दातांत सेलोटेप धरून आमच्याशी बोलतेस ना,
ते नको.
मग तिघंही माझ्याकडे बघत राहिले.
मला काही सुचेना.
मी ताटं उचलली.

वैजूला फोन करायचा म्हणून चार दिवस वाक्य घोळवलं.
यंदा नाही जमलं तर राग नको मानू हं.
पलीकडे, स्लाउमध्ये, इतकी शांतता
की तिच्या कुकरची शिट्टी मोजता आली.
“बाई गं,” ती म्हणाली, “देव पावला.
दरवर्षी निघताना वाटतं, टायर पंक्चर होऊ दे.”
खूप हसलो दोघी.
फोन ठेवल्यावर मात्र जरा लागलंच.
म्हणजे अकरा वर्षं
एकमेकींच्या भिडेखातर
आम्ही एम वन तुडवत होतो.

आता नव्या कागदावर खोडलेलंच जास्त आहे.
भेटी माणशी एक, नोव्हेंबरच्या आत.
बॉयलरवाला आत्ताच, गारठण्याआधी.
मॉरीनबाईंकडे आपणच जायचं, तासभर.
माझी रजा लेखी.
श्वासाचा पंप. यंदा अख्खा शब्द.

आणि माझी ती एक गोष्ट
सकाळच्या शिफ्टला जाताना सुचली,
सहाच्या अंधारात, बसची वाट बघत.

धुंधुरमास.
आई पहाटे चारला उठायची.
सूर्याच्या आत बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी,
लेकुरवाळी भाजी, लोण्याचा गोळा.
आम्ही कुडकुडत, अर्धे झोपेत, जेवायचो.
ती स्वतः बसायची तेव्हा
अंगणात चांगलं ऊन आलेलं असायचं.

इथे, हडर्सफील्डला, डिसेंबरात सूर्य सव्वाआठनंतर उठतो.
म्हणजे सातपर्यंत खुशाल झोपा,
पायजम्यातच या.
बाजरीचं पीठ लीड्सहून आणून ठेवते,
डाळ-तांदूळ रात्रीच मोजून,
भाजीत वांगं, गाजर, पार्सनिप, जे लेकरू सापडेल ते.
चार ताटं एकदम. चौथं माझं.
टेकडीवरच्या बुरुजामागून उजाडेल.
ढग असले, आणि असणारच,
तर सूर्य उगवला हे कोण सिद्ध करणार?
मग काय,
नियमाप्रमाणे जेवतच राहायचं,
दुपारी दोनपर्यंत.